कांदा उत्पादकांच्या मार्केटिंगवर एमएस्सीचा थिसिस झालाय, पेपर कुठल्या जर्नलला पाठवू?

आधी सांगतो, "तीन दिवसात ॲक्सेप्टन्स, फी फक्त अमुक" असा मेल आला असेल तर सरळ डिलीट मार. मी फसलोय त्यात, पैसे भरले, रिव्ह्यू म्हणून एक ओळ आली, "गुड वर्क", आणि छापलेल्या टेबलमध्ये क्विंटलच्या जागी किलो!

आता तुझं. इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स बघ, १९३९ ला मुंबईत सुरू झालेली सोसायटी ते १९४६ पासून काढते, आपल्याकडे या विषयातलं मानाचं तेच. बाहेरचं हवं असेल तर एमराल्ड या प्रकाशन संस्थेचं जर्नल ऑफ ॲग्रिबिझनेस इन डेव्हलपिंग अँड इमर्जिंग इकॉनॉमीज, २०११ पासूनचं, पण तिथे नुसतं "लासलगावच्या शेतकऱ्याला इतका भाव मिळाला" चालत नाही, केनियातल्या किंवा व्हिएतनाममधल्या वाचकाला त्यातून काय मिळणार ते पहिल्या दोन पानात सांगावं लागतं, आणि आपले थिसिस नेमके इथेच झोपतात कारण आपण टक्केवारीची टेबलं लावतो आणि शेवटी "शासनाने लक्ष द्यावे" लिहून मोकळे होतो. शेतकऱ्याने मार्केट यार्डात न जाता खळ्यावरच माल का दिला, उचल घेतली होती म्हणून की गाडीभाडं परवडत नव्हतं, हे तुझ्या डेटात असेल तर तोच तुझा पेपर.

नास, म्हणजे राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी, जर्नलला जे रेटिंग देते ते जर्नलच्या वेबसाइटवर नको, अकादमीच्या यादीत चेक कर. जुने पेपर फुकट हवेत तर ॲगइकॉन सर्च, मिनेसोटा विद्यापीठाचं आहे.