घरून डबे देते, एकही दिवस सुट्टी मिळत नाही. गिऱ्हाईक न तोडता सुट्टी कशी घ्यावी?

आधी जाहीर करून, बिनधास्त घ्या. मुंबईचे डबेवाले दरवर्षी चैत्रात गावच्या जत्रेसाठी काही दिवस सुट्टीवर जातात. मावळ, खेड, जुन्नर भागातली ही माणसं तारखा आधी सांगतात आणि गिऱ्हाईक सांभाळून घेतं. मग आपणच का अवघडायचं?

मी पुण्यात नऊ वर्षं डबे करते. पहिली चार वर्षं एक दिवस बंद ठेवला नाही. सख्ख्या बहिणीच्या डोहाळजेवणालासुद्धा डबे पोचवून मगच गेले, तोवर ओटी भरून झाली होती. ती हुरहूर अजून जात नाही.

पैशाची भीती वाटत असेल तर हिशोब मांडा. महिन्याला 26 दिवस डबे, म्हणजे वर्षाला 312 दिवस. रोजचे 20 डबे आणि डब्यामागे सुटतात 30 रुपये, तर एका सुट्टीत 600 रुपये बुडतात. बारा सुट्ट्यांचे 7200. उरलेल्या 300 दिवसांत 6000 डबे जातात. म्हणजे डब्यामागे फक्त 1 रुपया 20 पैसे वाढवायचे!

तारखा महिनाभर आधी व्हॉट्सॲपवर कळवा, आदल्या दिवशी परत आठवण द्या. विद्यार्थी जास्त असतील तर दिवाळी आणि मे महिना सोयीचा, तेव्हा तेच गावी जातात. एकटे राहणारे आजी-आजोबा असतील तर त्यांची सोय मात्र आधी ओळखीच्या डबेवालीकडे लावून द्या, आणि तिच्या सुट्टीत तिचे डबे तुम्ही करा.