काळू चौथ्या मजल्यावर

प्रश्न : गुहागरकडचं घर बंद करून दोन महिन्यांपूर्वी आईला चिपळूणला फ्लॅटवर आणलं. तिच्यामागोमाग काळूही आला, सात वर्षांचा गावठी कुत्रा. आता सोसायटीच्या सभेत १४ विरुद्ध ३ असा ठराव झालाय : कुत्रा लिफ्टमध्ये आणायचा नाही आणि महिना ५०० रुपये जादा भरायचे. आम्ही चौथ्या मजल्यावर. आई ८१ वर्षांची, काळूला तीच फिरवते. हा ठराव पाळावाच लागेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. चौदाच काय, सतराही हात वर गेले असते तरी नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. पाळीव प्राण्यावर बहुमतानेही बंदी घालता येत नाही, त्याला लिफ्ट नाकारता येत नाही, त्याच्यापायी जादा आकारही लावता येत नाही. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, सूचनांची प्रत आणि रेबीजच्या लसीच्या कार्डाची झेरॉक्स जोडा, पोच घ्या. कार्ड बघितलं की निम्म्यांची भीती तिथेच जाते. पुढे सहकारी संस्थांच्या सहाय्यक निबंधकांचं कार्यालय आहेच, पण तिथे जायची वेळ न आलेली बरी. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी शेजारी तेच राहणार.

जनावरांच्या दवाखान्यात माझी तीस वर्षं गेली. अशी भांडणं बहुधा दोनच गोष्टींवरून पेटतात, भुंकणं आणि ओलं अंग.

अंगणात वाढलेल्या कुत्र्याचं काम एकच, बेड्यातून, म्हणजे अंगणाच्या फाटकातून, कोण आलं ते सांगायचं. तुमच्याकडे आता दर पाच मिनिटांनी लिफ्टचं दार वाजतं, आणि काळूच्या हिशेबाने दर वेळी बेड्यात कुणीतरी आलेलं असतं. तो बिचारा ड्युटी करतोय! त्याचं अंथरूण दारापासून हलवून स्वयंपाकघराकडे न्या. लिफ्ट वाजली आणि तो गप्प राहिला, की लगेच भाकरीचा तुकडा द्या. ओरडून काही होत नाही, त्याला वाटतं तुम्हीही भुंकताय.

ओल्या अंगाचं आमच्याच घरचं सांगतो. गणपतीत आमच्या राणीने लिफ्टमध्ये अंग झटकलं, तेव्हा शेजारचे काका सोवळ्याचा कद नेसून, हातात नैवेद्याचं ताट घेऊन उभे. ते एक शब्द बोलले नाहीत. परत वर गेले, आंघोळ करून आले. बोलले असते तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून जिन्याखाली आमचं गोणपाट आणि जुना टॉवेल टांगलेला असतो. पाय-पोट पुसल्याशिवाय राणी लिफ्टमध्ये चढत नाही. काकाच कधीकधी टॉवेल पुढे करतात.

रेबीजची लस दरवर्षी चुकवू नका, आणि पावसाळ्याआधी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लसही द्या. तो रोग उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो, कुत्र्याला होतो आणि माणसालाही. चिपळूणकरांना साचलेल्या पाण्याबद्दल मी काय सांगू, २०२१ च्या जुलैचा पूर तुम्ही पाहिलाय. डबक्यातून त्याला नेऊ नका, घरी आल्यावर पंजे धुवा. त्याने केलेली घाण मात्र कागदात घेऊन तुम्हीच उचला. त्यावर कुठला ठराव लागत नाही.

एक राहिलं. पाऊस आहे तोवर साखळी आईंच्या हाती देऊ नका. ओल्या पायरीवर काळूचा एक हिसका पुरतो. तुम्ही फिरवून आणा, आई वर त्याच्यासाठी भाकरी कुस्करून ठेवतील.