नोकरी गेली, घरात आजारपण आहे, प्रार्थनाच सुचत नाही. विश्वास टिकवायला बायबलमधलं काय वाचू?

स्तोत्रसंहितेतल्या विलापाच्या स्तोत्रांपासून सुरुवात करा, आणि पहिलं 13 वं घ्या. फक्त सहा वचनं आहेत. सुरुवातीलाच दावीद देवाला ‘कोठवर?’ असं पुन्हा पुन्हा विचारतो, आणि शेवटी त्याच देवावर भरवसा ठेवतो. तुम्हाला शब्द सुचत नसतील तर त्याचेच मोठ्याने म्हणा. हीसुद्धा प्रार्थनाच आहे. देवाकडे तक्रार करणं म्हणजे अविश्वास, असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. वधस्तंभावर प्रभू येशूने ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ म्हटलं, ते 22 व्या स्तोत्राचंच पहिलं वचन आहे. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मला ते फार मोलाचं वाटतं. पुढे बायबलमधल्याच विलापगीत या पुस्तकाचा 3 रा अध्याय आणि हबक्कूक या पुस्तकातलं 3:17-18 वाचा. रोज थोडंच, पण तेच तेच.

मात्र झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर नुसत्या वाचनावर राहू नका. पाळकांना सांगा, डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.