गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग का येतो, आणि कणांची ऊर्जा कशावर ठरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नववीत आहे. गतिज ऊर्जा, म्हणजे हालचालीमुळे वस्तूत असलेली ऊर्जा, वस्तुमान आणि वेगावर अवलंबून असते (½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग), हे तिने पाठ केलंय. पण वेगाचा वर्गच का घ्यायचा, असं ती विचारते. आणि हवेतल्या कणांना कुणी ढकलत नाही, मग त्यांची ऊर्जा कशावर ठरते, हेही तिला हवंय.

मी बरीच वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. सूत्र बहुतेकांना येतं, ‘वर्ग का’ हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. तिला माझ्यातर्फे शाबासकी द्या.

वस्तुमानाचं सोपं आहे. एकाच वेगाने जाणाऱ्या दोन सारख्या गाड्या म्हणजे एकीच्या दुप्पट ऊर्जा. वस्तुमान दुप्पट, ऊर्जा दुप्पट. यात अडायला काही नाही.

वेगासाठी तिला ब्रेक लागणारी गाडी डोळ्यांसमोर आणायला सांगा. ब्रेकचा जोर शेवटपर्यंत एकसारखा आहे असं धरा. म्हणजे दर सेकंदाला वेग सारख्याच आकड्याने कमी होणार. सुरुवातीचा वेग दुप्पट असेल, तर थांबायला वेळही दुप्पट लागेल. पण त्या दुप्पट वेळात गाडीचा सरासरी वेगसुद्धा दुप्पट असतो. दुप्पट वेळ आणि दुप्पट वेग, म्हणून कापलेलं अंतर चौपट. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, आणि गाडी थांबवायला जेवढं कार्य करावं लागलं तेवढीच तिच्यात ऊर्जा होती. वर्ग येतो तो इथून. सूत्रातला ‘अर्धा’ही इथलाच आहे: वेग एकसारखा कमी होत शून्यावर आला, की सरासरी वेग सुरुवातीच्या वेगाच्या निम्मा असतो.

आकडे घालून बघा. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असलेली गाडी ताशी ५० किलोमीटरवरून साधारण १४ मीटरमध्ये थांबते. ताशी १०० वरून तिला ५५ मीटर लागतात, आणि चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत गेलेलं अंतर यात धरलेलं नाही. ‘थोडा वेग वाढवला तर काय बिघडतं’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे गणित सांगतो. ताशी ७२ किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळणं हे तीच गाडी सुमारे २० मीटर उंचीवरून, म्हणजे सहा-सात मजल्यांवरून खाली पडण्याइतकं आहे. वेग निम्मा, ताशी ३६, केला की ती उंची ५ मीटरवर येते.

हा वर्ग मोठमोठ्या लोकांनाही सहजासहजी पटला नव्हता. हलत्या वस्तूचा ‘जोर’ वस्तुमान गुणिले वेग इतका, की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग इतका, यावर युरोपात कित्येक दशकं वाद चालला. लायब्निझ हा जर्मन गणिती १६८६ पासून वर्गाच्या बाजूने होता. १७२२ च्या सुमारास हॉलंडमध्ये विलेम स ग्रावेसांडे या प्राध्यापकाने पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकले. आदळण्याचा वेग दुप्पट झाला की मातीतला खड्डा चौपट होतो, असं त्याला दिसलं. एमिली द्यु शात्ले या फ्रेंच विदुषीने १७४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हीच बाजू हिरिरीने मांडली. मुली भौतिकशास्त्र शिकत नसत त्या काळातली ही बाई, त्यामुळे तुमच्या मुलीला हे नाव जरूर सांगा.

प्रयोग घरी होतो. गणपतीनंतर उरलेली शाडूची माती भिजवून ताटात थापा आणि सायकलच्या बेअरिंगमधली किंवा तशीच एखादी जड गोळी आधी २५ सेंटीमीटरवरून, मग एक मीटरवरून सोडा. उंची चौपट केली की पडतानाचा वेग दुप्पट होतो. खड्ड्यांत किती पाणी मावतं ते ड्रॉपरने थेंब मोजून बघा. हिशेब अगदी काटेकोर जमणार नाही, पण दुसरा खड्डा दुप्पट नसून त्याहून बराच मोठा आहे हे तिला स्वतःला दिसेल.

एक गोष्ट पुस्तकात सहसा नसते: वेग कुणाच्या नजरेने मोजलाय यावरही ऊर्जा ठरते. धावत्या एसटीत मांडीवर ठेवलेल्या डब्याची गतिज ऊर्जा तुमच्या दृष्टीने शून्य असते, फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने नाही. दोघांचंही बरोबर.

आता कणांकडे. गाडी थांबल्यावर तिची ऊर्जा गेली कुठे? ब्रेकमध्ये. हजार किलोची गाडी ताशी ७२ ने जात असेल तर तिच्यात २ लाख ज्यूल असतात. तेवढ्यात एक लिटर पाणी सुमारे ४८ अंशांनी तापेल. सगळी गाडी एका दिशेने जात होती, ती हालचाल ब्रेकच्या धातूतल्या अणूंच्या सैरावैरा थरथरीत वाटली गेली. चढताना जो गिअर तोच उतरताना, असं घाटात जुने ड्रायव्हर सांगतात ते याचसाठी: इंजिनाने गाडी धरली नाही, तर सगळी उष्णता ब्रेकवर येते आणि पकड सुटते.

म्हणजे कणांच्या या थरथरीचं माप आपल्या ओळखीचंच आहे, ते म्हणजे तापमान. हवेतले कण कुणी ढकलायची गरज नसते, ते एकमेकांवर आणि भिंतींवर आदळत ऊर्जा वाटून घेत राहतात. त्यामुळे एकाच खोलीतल्या हायड्रोजनच्या हलक्या रेणूची आणि नायट्रोजनच्या जड रेणूची पुढे सरकण्याची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच असते. वस्तुमान जास्त म्हणून ऊर्जा जास्त, हे इथे चालत नाही. हलका रेणू जोरात पळून ती बरोबरी साधतो. नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावतात, चौदापट हलके हायड्रोजनचे रेणू त्यांच्या पावणेचारपट.

परीक्षेत इथे एक चूक हमखास होते. २५ अंशांची हवा ५० अंशांपर्यंत तापवली तर कणांची ऊर्जा दुप्पट होत नाही. मोजायचं केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवून: २९८ वरून ३२३, म्हणजे फक्त ८ टक्के वाढ. दुप्पट करायची तर हवा ५९६ केल्विनपर्यंत, म्हणजे ३२३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागेल.

आणि ‘सरासरी’ हा शब्द तिने नजरेआड करू नये. माठातल्या पाण्यात काही रेणू मंद असतात, काही फार वेगवान. माठाच्या छिद्रांतून पाझरून बाहेरच्या अंगावर आलेल्या पाण्यातले वेगवान रेणू हवेत निसटतात. मागे उरलेल्यांची सरासरी खाली येते, म्हणून पाणी गार होतं. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हे झपाट्याने घडतं. कोकणात हवेतच इतकी वाफ असते की गेलेल्यांच्या जागी जवळजवळ तितकेच रेणू परत येतात, आणि माठ कोमटच राहतो.