'विश्वासाने जगेल' यातला 'ने'

शरणपूर रोडला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: "रविवारी चर्चच्या मंडळीत 'नीतिमान विश्वासाने जगेल' हे वचन वाचलं. शेजारची हिंदू मैत्रीण सोबत आली होती. तिने विचारलं, म्हणजे इमानदारीने जगेल का? तसं असेल तर 'श्रद्धेने' का नाही म्हटलं? आणि तुमच्यात कर्मांनी काही होत नाही, तर चांगलं वागायचं कशाला? मला धड एकही उत्तर देता आलं नाही."

ताई, मैत्रिणीने मराठी कान लावून ऐकलं आहे, म्हणूनच तिला असे प्रश्न पडले. "तिने विश्वासाने घराची किल्ली माझ्याकडे दिली," असं आपण म्हणतो तेव्हा 'ने' रीत सांगतो, किल्ली कशी दिली ते. वचनातला 'ने' वेगळा आहे. त्याचा जोडीदार मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सापडतो: मनुष्य केवळ भाकरीने जगेल असे नाही. इथे भाकरी ही जगण्याची रीत नाही, तिच्यावर जीव तगतो. आपल्याकडे निफाड-दिंडोरीला "यंदा टँकरच्या पाण्याने बाग जगली" म्हणतात, तो हा 'ने'. पाणी तोडलं तर बाग जाते. रोमकरांस पत्रातलं वचन (१:१७) विश्वासाबद्दल एवढंच थेट बोलतं.

पण 'इमानदारी' म्हणताना तुमच्या मैत्रिणीचा हात नकळत मुळावर पडला आहे. हे वचन ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचं स्वतःचं नाही. ते जुन्या करारातल्या हबक्कूक संदेष्ट्याचं (२:४), आणि नव्या करारात ते तीनदा येतं: रोमकरांस, गलतीकरांस आणि इब्री लोकांस पत्रात. हबक्कूकने वापरलेला हिब्रू शब्द आहे 'एमुना'. त्याच्या धातूचा अर्थ पक्कं असणं, न डळमळणं. प्रार्थनेच्या शेवटी आपण 'आमेन' म्हणतो तो त्याच धातूचा. अरबी ही हिब्रूची बहीण, आणि तिच्यात त्याच मुळापासून 'ईमान' झाला. तो फारसीतून मराठीत आला आणि 'इमान' म्हणून इथलाच होऊन गेला. 'अमानत'ही तिथलाच, आणि भाड्याच्या घरासाठी आपण भरतो ती 'अनामत' म्हणजे तीच अमानत, अक्षरं उलटीपालटी झालेली. आमेन, इमान आणि अनामत एका घरचे आहेत हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी ते दिसेल त्याला सांगत सुटलो होतो.

एमुनाला दोन बाजू आहेत: दुसऱ्यावर भरवसा टाकणं आणि स्वतः भरवशाचं असणं. पौल वापरतो त्या ग्रीक 'पिस्तिस'लाही त्या आहेत. मराठीत त्या दोन शब्दांत वाटल्या गेल्या. मंडळीत आपण 'विश्वासी' म्हणतो तो पहिल्या बाजूचा, 'विश्वासू नोकर' दुसऱ्या बाजूचा. पौलाचा भर पहिल्या बाजूवर आहे.

आता 'श्रद्धा'. शब्द फार जुना आणि सुंदर आहे. 'श्रत्' अधिक 'धा', हृदय ठेवणं. तरीही इथे 'विश्वास'च हवा असं माझं मत आहे. श्रद्धा पूज्य गोष्टीवर असते. विश्वास शेजारणीवर, डॉक्टरवर, एसटीच्या ड्रायव्हरवरही असतो, म्हणजे त्यात समोर कुणीतरी माणूस लागतो. शिवाय 'विश्वास' हा 'श्वस्' धातूचा: निर्धास्त होऊन मोकळा श्वास घेणं. आणि त्याला लागणारी क्रियापदं पाहा. विश्वास बसतो, तो आपोआप. पुरावा पाहिला की बसला. विश्वास ठेवतो, तो आपण, ठेव ठेवावी तसा. आणि विश्वास टाकतो, तेव्हा सगळा भार समोरच्यावर जातो. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब लिहितो की देव एकच आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात (२:१९). भुतांचा विश्वास बसलेला आहे. टाकलेला नाही.

याकोबाचं नाव निघालं म्हणून 'कर्मे'. मराठीत एकवचनी 'कर्म' म्हटलं की नशीब डोकावतं: "कर्म माझं!" पौलाची 'कर्मे' अनेकवचनी आहेत आणि त्यांचा मागच्या जन्माशी संबंध नाही. सुंता, खाण्यापिण्याचे नियम, शब्बाथ म्हणजे विसाव्याचा वार, नियमशास्त्राने सांगितलेलं सारं करून देवाकडे मजुरी मागणं, असा तो अर्थ. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो 'मजुरी' हाच शब्द वापरतो: काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, मेहेरबानी नव्हे. कृपा हजेरीपत्रकावर मिळत नाही. जर्मन धर्मसुधारक लूथरने १५२२च्या भाषांतरात रोमकरांस ३:२८ मध्ये 'विश्वासाने'च्या आधी 'केवळ' घातला, मूळ ग्रीकमध्ये तो नाही आणि आपल्या प्रचलित मराठीतही नाही. 'केवळ विश्वासाने' ही जोडी नव्या करारात एकदाच येते, याकोब २:२४ मध्ये, आणि तिथे पुढे 'नव्हे' आहे!

मात्र मराठी भाषांतरकारांनी इथे एक मोलाची गोष्ट केली. ग्रीकमध्ये पौल आणि याकोब दोघेही 'एर्गा' हा एकच शब्द वापरतात. मराठीत पौलाकडे 'कर्मे' आणि याकोबाकडे 'क्रिया' आहेत: क्रियांवाचून विश्वास निर्जीव. मराठी कानाला 'क्रिया' कशी लागते, हे कळायला नाशिकच्या माणसाला लांब जावं लागत नाही. टाकळीला ज्यांनी तप केलं त्या रामदासांच्या मनाच्या श्लोकांत आहे, 'क्रियेवीण वाचाळता व्यर्थ आहे'. तिथे क्रियेसमोर बडबड उभी आहे, देवाची कृपा नाही. याकोबाचं भांडणही बडबडीशीच आहे. पौल विचारतो, तुझी पत कशावर? याकोब विचारतो, तुझा विश्वास जिवंत आहे का?

मग चांगलं वागायचं कशाला? गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय मैत्रिणीसोबत वाचा. तिथे देहाची 'कर्मे' आहेत, पण आत्म्याचं 'फळ' आहे, तेही एकवचनी. शब्द बदलला आहे तो उगाच नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत जाऊन बघा. छाटलेल्या काड्या बांधावर पडलेल्या असतात, त्यांच्यावरही तसेच डोळे, म्हणजे फुटीच्या जागा, असतात, दोन-चार दिवस हिरव्याही दिसतात. खोडावर राहिलेल्या काडीचे डोळे आठ-दहा दिवसांत फुगून फुटतात आणि पाठोपाठ कोवळ्या फुटीतून बारीक घड डोकावतो. त्या काडीने खोडाला चिकटून राहण्याची किंमत म्हणून घड दिलेला नसतो. बांधावरच्या काडीला मात्र, कितीही पाणी शिंपडा, घड येत नाही.