माळ सोडू नकोस

प्रिय पोरी,

लांबचे प्राणी-पक्षी टिपणाऱ्या सहाशे एमएमच्या लेन्ससाठी कर्ज काढू का, असं विचारलंस. नको काढूस. आत्ता ताडोबाला गेलं नाही तर मागे पडेन, ही भीतीही सोड. मैत्रिणीच्या वाघाच्या फोटोचं एवढं कौतुक झालं आणि तुझ्या चंडोलाकडं कुणी बघितलंही नाही, म्हणून तू खट्टू झालीस, हे समजतं. पण सुप्याच्या माळापासून सायकलच्या अंतरावर राहून विषय सापडत नाही म्हणतेस, तेव्हा मात्र राग येतो.

एकच जागा धर. तिथंच जा. परत जा.

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण आजूबाजूचे माळ धरलेस तर चिंकारा, खोकड, लांडगा, धाविक, काय नाही तिथं? जिप्सीतून वाघ दिसतो तेव्हा तो कुठं, किती वेळ, कोणत्या उजेडात दिसेल, यातलं काही तुझ्या हातात नसतं. माळावर ते शिकता येतं. धाविक हा जमिनीवरचा पक्षी, त्याच्याकडं सरळ चालत गेलीस की तो तुरुतुरु पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. मधलं अंतर काही कमी होत नाही. त्यापेक्षा सकाळचं ऊन पाठीवर घेऊन पोटावर पडून राहा, कॅमेरा जमिनीलगत ठेव. त्याची भीड चेपली तर किडे टिपत तोच जवळ येईल. मग तुझी सत्तर-तीनशेची छोटी लेन्सही पुरते.

टिटवीचं बघ. उघड्या जमिनीवर अंडी घालते. कडक उन्हात पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि त्या ओल्या पोटानं येऊन अंडी गार करते. पाणी कुठं, ती कोणत्या वाटेनं परतते, हे ज्याला ठाऊक तोच लांबून तो फोटो काढू शकेल. लांबूनच, बरं का. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की तू फार जवळ गेलीस. मुकाट्यानं मागं फिरायचं. फोटो हुकला तर हुकू दे, उद्या तिथंच जायचंय ना?

रानपिंगळा 1884 नंतर थेट 1997 साली सापडला, तोही आपल्या शहाद्याजवळ. दिवसाढवळ्या वावरणारं घुबड ते! एवढा पक्षी शतकभर नजरेआड राहतो, तर तुझ्या माळावर बघण्यासारखं काही उरलं नाही, हे कुणी ठरवलं?

माझ्याबद्दल लोक म्हणतात, याचा जन्म एका तळ्याकाठी गेला, ना पुरस्कार, ना नाव. म्हणू देत. चक्रवाक आधी कोणत्या काठाला उतरतात, ससाणा आला की बदकं कुठं सरकतात, हे मला ठाऊक आहे, आणि माझे बरे फोटो त्यातूनच आले. पुन्हा जन्म मिळाला तरी त्याच काठावर बसेन. सल एकच. तळ्यामागचा माळ नांगरला गेला, मग तिथं प्लॉट पडले. तिथं काय काय होतं, याचे फोटो माझ्याकडं आहेत, पण तारखा नाहीत. त्या फोटोंच्या जोरावर मला कुणाशी भांडता आलं नाही. म्हणून वही ठेव. तारीख, वेळ, वारा, कोण काय खात होतं. कंटाळा आला तरी लिही. फोटो नाही मिळाला त्या दिवशी तर नक्की लिही.

आणि हो, तो चंडोल चांगलाच आहे. गळा फुगलाय, चोच उघडी, मागचं गवत मऊ झालंय. तू त्याच्यासमोर बराच वेळ बसली होतीस, हे दिसतं. हे तुला येतं आणि तू कर्जाच्या हप्त्यांचा हिशोब करत बसलीस!

पावसाळा सरला की भोवत्या, म्हणजे हॅरियर हे शिकारी पक्षी, येऊ लागतील. संध्याकाळी ते उंच गवतात जमिनीवरच मुक्कामाला उतरतात. गवत कुठं वाढलंय, मेंढरं कुठल्या बाजूला चरतात, ते आत्तापासून बघून ठेव. मेंढपाळांना विचार, त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. पुढच्या वेळी फोटो नंतर पाठव, आधी वहीची पानं पाठव.

तुझा,
काका