पाय गेला, आता रान विकायचं का?

कृत्रिम पाय बसवायला पुण्यात येणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलायला बसलं की हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो, आणि बहुतेक वेळा तो घरची माणसं विचारतात. पुरंदर तालुक्यातल्या एका कुटुंबाची हकिगत त्याचं उत्तर म्हणून इथे देत आहोत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, काही दुसऱ्या कुटुंबांच्या अनुभवातून घेतले आहेत.

घरचे कर्ते शेतकरी, वय ४४, जमीन अडीच एकर. एक एकर अंजीर, उरलेल्या दीड एकरात वाटाणा, टोमॅटो आणि रब्बीची ज्वारी. दावणीला दोन गाई. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर रोटाव्हेटरला लावलेला होता, पात्यांत गवत गुंडाळलं म्हणून हे मागे गेले. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद मागच्या अवजाराला देणारी जोडणी, बंद केला नव्हता आणि तिच्या फिरत्या शाफ्टवर कव्हर नव्हतं. हा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. पायजम्याचं टोक अडकलं की पाय मागे घ्यायला वेळच उरत नाही. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चार महिन्यांनी ते पत्नी आणि थोरल्या भावाबरोबर आले. बोलत होते भाऊ. गिऱ्हाईक तयार होतं, भावही ठरला होता. पत्नी म्हणाल्या, "मी सगळं बघते, यांनी फक्त घरी बसावं." त्यांना स्वतःला काय वाटतं, हे कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही पायाचा विषय बाजूला ठेवून विचारलं, "दादा, यंदा अंजिराचा कोणता बहार धरलाय?" मग ते मिठ्या बहाराबद्दल, पानांवर आलेल्या तांबेऱ्याबद्दल, चुकलेल्या फवारणीबद्दल दहा मिनिटं बोलत राहिले. शेवटी म्हणाले, "पण आता बांधावर बसून मजुरांवर ओरडायचं, एवढंच माझं काम राहिलं."

जमिनीबद्दल आमचं म्हणणं ठाम आहे. पहिल्या वर्षात विकायचा निर्णय घेऊ नका. यामागे धीर देण्यापलीकडचं कारण आहे. विच्छेदनानंतर उरलेला भाग, ज्याला सगळे स्टंप म्हणतात, तो पहिले बरेच महिने आकसत जातो. पहिलं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची स्टंप बसवायची वाटी, ढिलं पडतं, दुसरं करावं लागतं. त्या काळात माणूस जेवढं चालतो तेवढीच त्याची पुढची ताकद, असं धरून सातबारा दुसऱ्याच्या नावावर करणं म्हणजे रोप पाहून झाडाचा भाव ठरवणं. अंजिराची बाग एकदा गेली की परत उभी करायला किती वर्षं लागतात, हे पुरंदरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

त्याच बैठकीत त्यांच्याशी एकट्याशी बोलून आणखी एक गोष्ट विचारली: जगावंसं वाटत नाही, असं कधी होतं का? अशा प्रश्नाने नको ती कल्पना डोक्यात शिरेल, ही भीती घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात विचारल्यावर माणूस मोकळा होतो. त्यांचं उत्तर "रात्री होतं" असं होतं. त्या दिवशी पहिलं काम ठरलं ते हे, की घरातली कीटकनाशकं कुलपाच्या पेटीत जातील आणि किल्ली पत्नीकडे राहील. ज्या घरात असा अपघात झाला आहे, तिथे हे करायला उशीर करू नये. मानसोपचार तज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात पाठवलं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरातल्या तिघांच्या फोनमध्ये घातला. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो.

रात्रीच्या त्रासाचं निम्मं कारण वेगळंच निघालं. नसलेल्या पायाची बोटं मुरडल्यासारखी दुखायची. बाहेरची बाधा म्हणतील या धास्तीने त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ही वेदना नसांची असते, खरी असते, आणि तिच्यावर औषधं आहेत. आरशासमोर धड पाय हलवून मेंदूला फसवण्याचा व्यायामही काहींना उपयोगी पडतो. डॉक्टरांना "नसलेला पाय दुखतो" असं त्याच शब्दांत सांगावं.

तिसऱ्या बैठकीला भिंतीवरचं मोठं कॅलेंडर आणायला सांगितलं. "शेती जमेल का" या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण शेती हे एक काम नाही. तिघांनी मिळून वर्षभराची कामं लिहिली, ती ३८ निघाली. प्रत्येकापुढे एकच खूण करायची: आहे तसं जमतं, साधन बदलून जमेल, किंवा दुसऱ्याकडून करून घ्यावं लागेल. १७ कामं पहिल्या रकान्यात गेली. पाणी सोडणं, खताचा हिशोब, प्रतवारी, पॅकिंग, बाजारभाव, मोबाइलवरची ई-पीक पाहणी (पिकाची सरकारी नोंद), ही सगळी त्यात होती. १३ साधनावर अडलेली होती. फक्त ८ कामं मजुरांकडे द्यायची होती. रान अर्धेलीनं दुसऱ्याला कसायला दिलं तर अर्धं पीक जातं, तर या आठ कामांची मजुरी त्याच्या जवळपासही जात नव्हती. हे आकडे पाहिल्यावर भावांनी गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं.

साधनांत पहिलं पाणी. रात्रीची वीज असेल त्या आठवड्यात अंधारात विहिरीवर जाणं कृत्रिम पायाने धोक्याचंच. मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवला. घेताना त्यात ड्राय रन संरक्षण आहे ना, ते बघावं. नसेल तर विहीर उपसल्यावरही मोटार कोरडी फिरत राहते आणि जळते. ठिबकचे व्हॉल्व्ह जमिनीलगत होते, ते अडीच फूट उंचीवर आणले. इथे पहिल्यांदा चूक झाली. नुसता पीव्हीसी पाइप उभा केला होता, त्यालाच धरून उठताना तो मुळातून मोडला. नंतर प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी काँक्रीटमध्ये पक्का लोखंडी खांब रोवला. धरायला खांब, पाण्याला पाइप.

फवारणीचा पाठीवरचा १६ लिटरचा पंप भरला की पंपासकट २० किलोच्या वर जातो. एवढं ओझं भुसभुशीत रानात सॉकेटवर येऊ द्यायचंच नाही. एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा फवारणी पंप, बांधावर ठेवून लांब नळीने फवारणी केली, नळी ओढायला दुसरा माणूस. विहिरीपासून बागेपर्यंतची वाट चार फूट रुंद करून मुरूम टाकला. पावसाळ्यात कुबडी चिखलात रुतते म्हणून तिच्या टोकाला टायरच्या रबराची चकती लावली. पहिली चकती फार मोठी झाली, तिला काळी माती इतकी चिकटायची की कुबडी उचलवेना. चार इंची चकती चालली. दुधासाठी उकिडवं बसणं सोडलं, कारण तसं बसल्यावर सॉकेटची मागची कड गुडघ्यामागे रुतते. पंधरा इंची स्टूल पुरतं.

अंजीर तोडताना शिडी बंद. कृत्रिम पावलाला स्पर्श कळत नाही, पायरीवर ते नीट टेकलं की नाही हे डोळ्यांनी पाहावं लागतं आणि तोडणीत डोळे फळावर असतात. पुढच्या छाटणीत झाडं हाताच्या उंचीवर आणायची ठरलं, तोवर वरची फळं मुलगा काढतो. पावलाची जात फार महत्त्वाची. बुटात घालायचं साधं पाऊल चिखलापाण्यात लवकर खराब होतं. जयपूर फूट अनवाणी चालतं, भिजलं तरी बिघडत नाही. पायाची जुळणी टाचेच्या उंचीवर केलेली असते. चप्पल सोडून एकदम जाड टाचेचा गमबूट घातला की गुडघा पुढे ढकलला जातो आणि माणूस उतारावर पडतो.

एवढं सगळं होऊनही पहिल्या तोडणीला घात झालाच. आपण कुठे कमी नाही हे दाखवायला ते सलग सहा तास बागेत उभे राहिले. संध्याकाळी नडगीच्या टोकाला फोड आला, आणि ऐन हंगामात तीन आठवडे पाय घालता आला नाही. सकाळची तोडणी स्टंपला अवघड जाते. रात्रभर मोकळा राहिल्याने तो किंचित सुजलेला असतो, सॉकेट घट्ट बसतं. दुपारपर्यंत तो आकसतो, खाली सरकतो आणि टोक घासू लागतं. म्हणून रात्री दाबाची पट्टी बांधायची, आणि पाय ढिला वाटला की बागेतच स्टंपवर एक मोजा वाढवायचा. घामेजलेला मोजा बदलायला डब्यात तीन कोरडे ठेवायचे. दर दोन तासांनी पाय काढून स्टंप आरशात बघायचा. लाली दहा मिनिटांत गेली नाही तर त्या दिवशी पाय पुन्हा घालायचा नाही. स्टंप रात्री धुवायचा, सकाळी नको. ओलसर कातडी सॉकेटमध्ये लवकर सोलते.

ट्रॅक्टर स्वतः चालवणाऱ्यांना एक सांगणं. डावा पाय गेला असेल तर क्लचचा प्रश्न येतो. त्यासाठी हातानं चालणारा दांडा जाणकार कारागिराकडूनच बसवून घ्यावा. कृत्रिम पाऊल पेडलवरून घसरलं तर ते घसरल्याचं कळत नाही.

कागदांचं थोडक्यात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव गमावल्यास १ लाख रुपये मिळतात. प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जावा लागतो. ते दिवस दवाखान्यात जातात, म्हणून भावकीतल्या एकाने पहिल्या आठवड्यातच हे अंगावर घ्यावं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले बरेच लाभ ४० टक्के दिव्यांगत्वापासून पुढे लागू होतात आणि गुडघ्याखालचं विच्छेदन त्यात बसतं. प्रमाणपत्रावरचा आकडा वाचून "म्हणजे मी एवढा निकामी?" असं यांनी विचारलं होतं. तो आकडा शरीराच्या हानीचा आहे, कामाच्या कुवतीचा नाही. ग्रामपंचायतीनेही स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. मुरमाच्या वाटेसाठी, स्टार्टरसाठी तिथे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पायासाठी वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, तिथे सामान्य नागरिकांनाही पाय मिळतो.

पत्नीशी वेगळी बैठक घ्यावी लागली. घर, गाई आणि रान एकट्याने ओढून त्यांची कंबर धरली होती, आणि यांनी बादलीला हात लावला तरी त्या ओरडायच्या. मायेपोटीच, पण त्यामुळे यांचं मन आणखी खचत होतं. ठरलं असं की यादीतलं काम ज्याच्या नावावर आहे त्यानेच करायचं. अडलं तर त्याने हाक मारायची, हाक येईपर्यंत दुसऱ्याने धावायचं नाही. पहिला महिना पत्नीला हे फार जड गेलं.

अंजीर आणि टोमॅटो आता दादांच्या हातात आहेत. वाटाण्याचं अर्धा एकर वाकून करायचं काम आहे, ते यंदा चुलतभावाला अर्धेलीनं दिलं. बोली एका वर्षाची, दोन साक्षीदारांसमोर लिहून, आणि ई-पीक पाहणी स्वतःच्याच नावाने. दुसऱ्या सॉकेटचं माप पुढच्या महिन्यात आहे. वाटाण्याचं रान परत घ्यायचं की नाही, ते त्यानंतर ठरेल.